सल्तला पोचलेल्या कुनाफ्याचा खुलासा

आदरणीय फव्वाजमामांच्या सेवेशी,

अम्मानहून तुमचा भाचा कुतैबा याचा सलाम. तुमच्या कपाळाचं आणि उजव्या हाताचं चुंबन (डावा हात तुम्ही माझ्या कानशिलासाठी राखून ठेवला आहे, असं आई सांगते). आम्ही इकडे अल्लाच्या कृपेने ठीक आहोत, म्हणजे आई ठीक आहे. तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितलं, आणि अख्खं सल्त गाव म्हणजेच डोंगरावरचा एक जिना, तेव्हा तुम्ही मशिदीत कसे जाता कोण जाणे. मामींचा रक्तदाब कसा आहे हे विचारायची माझी छाती होत नाही, कारण तो वाढवण्यात माझाच हात आहे. अंगणातल्या अंजिराला यंदा तरी फळ धरलं का? फोन करणार होतो, पण तुम्ही माझा नंबर अडवून ठेवला आहे (तुम्हाला ते जमलं याचं कौतुक वाटलं, कोणी शिकवलं?). म्हणून सल्तच्या मिनीबसवाल्याच्या हाती हे पत्र. फाडायचं असेल तर खुशाल फाडा, पण वाचून झाल्यावर.

आईने मला घरात घेणं बंद केलेलं नाही, पण जेवताना ती माझ्याशी भांड्यांच्या मार्फत बोलते. परवा पातेलं आपटून म्हणाली, "फव्वाज नाही तर जाहा नाही, मागणीची मंडळी कोणाच्या दारात जायची नाहीत. अख्ख्या बल्का प्रांतात लोकांच्या पोरांची मागणी घालायला माझा भाऊ पुढे असतो, आणि माझ्याच पोराच्या वेळी तो तोंड फिरवून बसला! जा, तुझे ते सर्व्हर घेऊन जा मागणी घालायला. घाल त्यांच्या डोक्यावर शमाघचा रुमाल!" मामा, बाबा गेल्यापासून माझं असं वडीलधारं माणूस तुम्हीच. काका सगळे कुवेतला, त्यांना माझं वय विचारलं तर आपापसात पैज लावतील. तुमच्याशिवाय मी कोणाच्याही दारात जाऊन मुलगी मागू शकत नाही आणि मला मागायची आहे, हे एवढं सरळ लिहितो. पण आधी कुनाफ्याचा खुलासा.

मी काय काम करतो हे तुम्ही दर ईदला विचारता आणि दर ईदला मी "कॉम्प्युटर" म्हणतो, त्यावर तुम्ही मामींच्या भावाचा बिघडलेला टीव्ही माझ्यापुढे ठेवता. तर ऐका. आमची कंपनी हाज बुरहान मिठाईवाल्यांसाठी एक प्रोग्राम बनवते. गिऱ्हाईकाने फोनवर बोट टेकवायचं, पाकातल्या कुनाफ्याचा थाळा घरी. हा प्रोग्राम नीट चालतो की नाही हे रोज तपासावं लागतं, आणि ते माणसाने तपासायचं नाही, दुसऱ्या प्रोग्रामने तपासायचं. तो खोटं गिऱ्हाईक बनतो, खोटी मागणी नोंदवतो, खोटे पैसे भरतो, आणि सगळं ठीक झालं की हिरवी खूण करतो. खोट्या मागण्या खऱ्या दुकानात जाऊ नयेत म्हणून आमच्याच मशीनवर दुकानाची एक नक्कल उभी करायची, तिला लोकल सर्व्हर म्हणतात. तुम्ही पाणीखात्यात तीस वर्षं व्हॉल्व्ह फिरवलेत, तुम्हाला चटकन कळेल. चाचणीआधी व्हॉल्व्ह उघडायचा, पाणी टाकीत पोचलं की नाही बघायचं, काम करायचं, व्हॉल्व्ह बंद करायचा. हे सगळं आपोआप करणारी जी चार ओळींची चिठ्ठी मशीनला लिहून द्यायची, ती म्हणजे स्क्रिप्ट. माझं शिक्षण, आईची बांगडी मोडून भरलेली फी, सगळं या चार ओळींसाठी.

पहिल्या चिठ्ठीत मी लिहिलं, सर्व्हर चालू कर आणि चाचणी सुरू कर. मशीन इतकं आज्ञाधारक, की सर्व्हर डोळे चोळत उठतोय तोवर चाचणी दारावर लाथा मारून "दुकान बंद आहे" अशी तक्रार करून मोकळी. मग मी लिहिलं, अर्धा मिनिट थांब. त्यावर आमचे नाएलसाहेब (मालक, मनाने चांगले, पण मशीनजवळ जाऊ देऊ नये असे) म्हणाले, "अर्धा मिनिट? प्रत्येक वेळी? यासाठी मी तुला पगार देतो, थांबायला?" म्हणून मी लिहिलं, दर क्षणाला दार वाजवून बघ, उत्तर आलं की सुरू कर. हे जमलं. मला वाटलं, झालं गंगेत... म्हणजे जॉर्डन नदीत न्हालं घोडं.

पण मामा, सर्व्हर चालू करणं सोपं, घालवणं अवघड. आपल्याकडे पाहुण्याला जसं असतं तसंच. सर्व्हरला घालवायच्या दोन रीती आहेत. एक, अदबीने सांगायचं की बाबा रे, आवरतं घे. मग तो हातातलं काम संपवतो, भांडी विसळतो आणि जातो. निदान तसं पुस्तकात लिहिलंय. प्रत्यक्षात तुमच्या शेजारच्या अबू सुफियानना तुम्ही "आता उशीर झाला" म्हणालात की ते "हो हो, निघतोच" म्हणून आणखी एक चहा पितात ना, अगदी तसा तो बसून राहतो. प्रत्येक सर्व्हरला बसायला एक नंबर असतो, त्याला पोर्ट म्हणतात, आणि जुना उठला नाही तर नव्याला तिथे बसता येत नाही. मग दुसरी रीत, कॉलर धरून बाहेर. मी चिठ्ठीत तीच लिहिली: सुरू करण्याआधी त्या नंबरावर जो कोणी बसला असेल, तो कोण, कुठला, काही न विचारता उचलून फेक. माझी बाजू मांडतो. माझ्या नंबरावर माझ्याशिवाय कोण बसणार, असं मला वाटलं होतं.

इथे रुबा नावाची एक बाई या गोष्टीत येते. ती माझ्या पलीकडच्या टेबलाशी बसते, याच प्रोग्रामचा मुदपाकखान्याकडचा भाग बघते, आणि तिचं मत विचारलं नाही तरी देते. नाएलसाहेबांनी काटकसर म्हणून सगळ्यांना मिळून एकच मोठं मशीन घेतलंय, ते जिन्याखाली, पाण्याच्या बाटल्यांशेजारी असतं. आणि या बाईनेही आपल्या सर्व्हरसाठी तोच नंबर घेतला होता, जो मी घेतला होता, कारण तो पुस्तकातल्या पहिल्या उदाहरणातला नंबर आहे आणि दुकानाच्या ऐन दारात गाडी लावायची सवय आपल्या रक्तातच आहे. झालं. माझी चिठ्ठी चालली की तिचा सर्व्हर रस्त्यावर. ती वैतागली, आणि तिनेही (अक्कल सारखीच, काय करणार) तसलीच चिठ्ठी लिहिली. मग तिची चालली की माझा रस्त्यावर. दोघांनाही वाटे, आपला सर्व्हर आपोआप मरतो. मी विजेला दोष दिला. तिने इंटरनेटला दिला. नाएलसाहेबांनी नजर लागली म्हणून मशीनवर निळा डोळा टांगला, आणि तो नेमका हवेच्या जाळीवर टांगल्यामुळे मशीन तापायला लागलं ते वेगळंच.

असे कितीतरी दिवस गेले. मी तिच्यासमोर बसून सर्व्हरला शिव्या घालायचो, ती माझ्यासमोर बसून घालायची, आणि दुपारी आम्ही एकमेकांचं सांत्वन करत झातर लावलेली मनाकीशची रोटी अर्धी अर्धी खायचो. मी म्हणायचो, "कोणीतरी नालायक मुद्दाम करतंय." ती म्हणायची, "ज्याने केलं त्याचं घर उजाड होवो." मी आमीन म्हणायचो. मामा, स्वतःच्या घराला मी इतक्यांदा आमीन म्हटलंय, की आमचं छप्पर अजून जागेवर आहे हे आईच्या नमाजाचं फळ. शेवटी एकदा तिने मशीनची नोंद काढून बघितली आणि माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. "माझा मारेकरी तू?" मीही नोंद बघितली होती. म्हटलं, "आणि माझी तू." तिला इतकं हसू आलं की ती पाण्याच्या बाटल्यांवर बसली. ते हसणं मला आवडलं, हे या खुलाशात कशाला लिहितोय कळत नाही, पण खोडून काढलं तर कागद घाण होईल.

तेव्हाच एकाने नंबर बदलला असता तर तुमच्या घरी काही आलं नसतं. पण मी म्हणालो, "तू ठेव, मी बदलतो." ती म्हणाली, "शक्यच नाही, तू आधी आलास, मी बदलते." मी म्हणालो, "वल्ला, मी." ती म्हणाली, "वल्ला, माझं ऐक." आणि एवढ्या शपथा झाल्यावर अर्थातच कोणीच बदलला नाही. त्याऐवजी दोघांनी आपापल्या चिठ्ठ्यांना शिष्टाचार शिकवला. तिने लिहिलं, कुतैबाची चाचणी आधी होऊ दे, मग माझा सर्व्हर उठव. मी लिहिलं, रुबाची आधी होऊ दे, मग माझा. एकमेकांना सांगितलं नाही, कारण उपकार सांगून करायचे नसतात. दुसऱ्या सकाळी दोन्ही चिठ्ठ्या दारात उभ्या. तुम्ही आणि अबू सुफियान जुम्म्याला मशिदीच्या दारात "उजवीकडून आपण", "छे छे, आपण" करत उभे राहता आणि मागे सगळा मोहल्ला तिष्ठतो, त्याची मला आठवण झाली, पण ती झाली दुपारी. तोवर ना तिचा सर्व्हर उठला होता, ना माझा. चाचण्या मात्र वेळेवर सुरू झाल्या होत्या, कारण चाचण्यांना शिष्टाचार शिकवायला आम्ही विसरलो होतो.

आता तुम्ही म्हणाल, सर्व्हर नव्हता तर चाचणी नापास झाली असती, कुनाफा कुठून आला? तुमचा प्रश्न अचूक आहे, आणि त्याचं उत्तर नाएलसाहेब. मागे एकदा हाज बुरहान कंपनीत बघायला आले होते आणि ऐनवेळी पडद्यावर "सर्व्हर सापडत नाही" असं लाल अक्षरांत आलं. नाएलसाहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. नंतर त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "दारात आलेल्याला 'नाही' म्हणायची आपली रीत आहे का? आपल्या घरी भाकरी नसेल तर आपण शेजाऱ्याकडून आणतो, पण पाहुण्याला कळू देत नाही. तसं लिही." मी विरोध केला. दोन वेळा केला. तिसऱ्या वेळी त्यांनी त्यांच्या आईच्या हातचा मक्लूबा-भात माझ्यापुढे ठेवला, आणि मी लिहिलं: काही वेळ दार वाजवूनही लोकल सर्व्हर सापडला नाही, तर गुपचूप खऱ्या दुकानाच्या सर्व्हरकडे जा. त्या सकाळी चाचणी दारात आली, घरात भाकरी नव्हती, चाचणी शेजाऱ्याकडे गेली. आणि खऱ्या दुकानाचं उत्तर नकलेपेक्षा किंचित वेगळं असल्यामुळे हिरवी खूण होईना, म्हणून चाचणी पुन्हा गेली. आणि पुन्हा. बिचारी चिकाटीची, ती मीच शिकवलेली. खोट्या पैशांच्या जागी मी "पैसे पोचले" असं आधीच लिहून ठेवलं होतं, त्यामुळे दुकानात कोणी काही विचारलं नाही. त्यातून तौजीहीच्या परीक्षेच्या निकालाचा आठवडा, पोरं पास झालेली, सगळं शहरच थाळ्यांनी मागवत होतं.

राहिला पत्ता. खोट्या गिऱ्हाइकाला पत्ता लागतो, आणि तो लांबलचक हवा होता, कारण लांब पत्ता त्या चौकटीत मावतो का हेही तपासायचं होतं. मी डोळे मिटले आणि लहानपणापासून पाठ असलेला एकच पत्ता हाताने लिहिला: सल्त, जुन्या सरायीवरून खाली, लिंबाच्या झाडापाशी वळून, निळ्या दाराचं घर, तिथे कोणालाही फव्वाजचं घर विचारा. (तो मावला, हे तुम्हाला सांगायला हवं.) माझ्या मनात दुसरा पत्ता आलाच नाही, मामा. शाळेच्या सुट्ट्या मी तिथेच काढल्या.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण मला ते आईकडून, मिनीबसवाल्याकडून आणि थाळे पोचवणाऱ्या माणसाकडून असं तीन बाजूंनी कळलं आहे, तेव्हा मला काय काय माहीत आहे ते लिहितो, म्हणजे तुम्हाला पुन्हा ओरडायचे कष्ट नकोत. सतरा थाळे. प्रत्येक थाळा दोन माणसांनी उचलायचा. तुम्ही परत पाठवायला गेलात, तर तो माणूस म्हणाला, "हाज, पैसे भरलेत, आनंदाचा माल परत नेणं अपशकुन." गल्लीतल्या बायकांनी आनंदाची ललकारी दिली. घरात परीक्षेला बसलेलं कोणी नाही, मूल होण्याचं वय कोणाचं नाही, म्हणजे उरलं लग्न, आणि घरात पुरुष एकटे तुम्ही. मामींनी शांतपणे चादर घेतली आणि त्या बहिणीकडे झरकाला निघून गेल्या, जाताना "नवरीला थाळे मोठे आले हो" एवढंच म्हणाल्या. थाळ्यांसोबतच्या पावतीवर पाठवणाऱ्याचं नाव "कुतैबा टेस्ट" निघालं, तेव्हा कुठे तुमची सुटका झाली, तर अबू सुफियान विचारू लागले की टेस्ट हे घराणं कॉकेशसकडून आलेल्या चेर्केसांपैकी का, आणि मुलगी त्यांचीच का. लोकांच्या लग्नांत पुढे उभं राहून बोलणाऱ्या माणसाला स्वतःच्या अंगणात "मला काही माहीत नाही" असं म्हणावं लागलं. तुमचा अपमान झाला. मामा, कुनाफ्याचं मला काही वाटत नाही, पण त्या एका वाक्यासाठी मला खरोखर लाज वाटते. माफ करा.

हाज बुरहानांचं म्हणाल, तर त्यांनी थाळे कंपनीच्या नावे टाकले, कंपनीने माझ्या नावे टाकले. नाएलसाहेब त्यांची समजूत घालायला दुकानात गेले आणि पाव किलो बकलावा घेऊन परत आले. तुम्ही कंपनीत फोन केलात तेव्हा मी जिन्याखाली मशीनशी होतो (लपलो नव्हतो, निळा डोळा काढत होतो, त्याला वेळ लागतो). ज्या मुलीने फोन घेतला तिने तुमचा निरोप एक शब्द न गाळता दिला. त्यात गाढव हा शब्द वेगवेगळ्या रूपांत आला आणि शेवटी अल्लाची शपथ: त्या गाढवासाठी कोणाच्याही घरी तुम्ही मागणीच्या कॉफीचा प्याला उचलणार नाही. आता आम्ही दोघांनी नंबर वेगळे केले आहेत, शेजाऱ्याकडे जायची ती ओळ मी पुसली आहे, आणि आमचा सर्व्हर सापडला नाही तर चाचणी आता सरळ लाल होते आणि बोंब मारते. नाएलसाहेब तो लाल रंग बघून कष्टी होतात. होऊ देत.

एवढाच खुलासा. गुडघ्याला गरम तेल लावत जा. मामींच्या हाताचं चुंबन, त्या परत आल्या असतील तर.

तुमच्या बहिणीचा मुलगा (तुम्ही पुन्हा भाचा म्हणेपर्यंत एवढंच लिहितो),
कुतैबा

ता. क. खुलासा हे निमित्त होतं, हे तुम्ही ओळखलं असेलच. येत्या जुम्म्याला असरच्या नमाजानंतर जाहा ठरली आहे. मंडळी जमली आहेत, गाड्या मिळाल्या आहेत, नाएलसाहेब नवा सूट शिवतायत. फक्त पुढे बसणारा माणूस नाही. अबू सुफियान "मी येतो" म्हणाले आहेत. मामा, ते बोलायला लागले तर मुलगी म्हातारी होईल.

आणखी एक. शपथेचं. आई आमच्या इमामांकडे गेली होती. शपथ मोडली तर दहा गरिबांना जेवू घालायचं, असं शास्त्र आहे. आई म्हणाली, माझ्या भावाने तर ते थाळे वाटून अख्खी गल्ली जेवू घातली, मग झालं की प्रायश्चित्त. इमाम म्हणाले, बाई, जेवण आधी झालं, शपथ नंतर घेतली, आणि मोडणं तर अजून व्हायचंय, असा उलटा हिशेब चालत नाही. शिवाय ते गरीब कुठे होते? आई म्हणाली, महिनाअखेर होती. इमामांनी तिला दुसऱ्या मशिदीचा पत्ता दिला. तेव्हा दहा जणांना मन्सफचं जेवण आईच घालणार आहे, तुम्ही फक्त हो म्हणा. आणि तसं बघितलं तर पहिला अर्धा तास तुमची शपथ मोडतच नाही. तुम्ही प्याला समोर ठेवायचा आणि उचलायचा नाही, रीतच ती. ते "घ्या" म्हणतील, तुम्ही बोट लावू नका. मुलगी दिली असं ते म्हणाले, की मात्र प्याला उचलावाच लागतो, मग तुम्ही आणि अल्ला बघून घ्या.

शेवटचं. घर कोणाचं हे लिहायचं राहिलं (राहिलं नाही, हिंमत होत नव्हती). अश्रफियाला अबू रकान म्हणून आहेत, त्यांची रुबा. तुमचा फोन तिनेच घेतला होता. मी तिला म्हटलं, आता माझ्या मामांचं नाव काढू नकोस, तू काय ऐकलंस ते मला माहीत आहे. तर ती म्हणाली की निरोपातलं एक वाक्य तिने मला मुद्दाम दिलं नव्हतं, कारण ते माझ्यासाठी नव्हतं. एवढं सगळं ओरडून झाल्यावर तुम्ही विचारलंत, "पोरी, आवाज का असा बारीक झालाय तुझा? काही खाल्लंस का सकाळपासून?" तिने हो सांगितलं आणि फोन ठेवून रडली. आता ती म्हणते की जाहा कोणी आणायची हे तिने बापाला सांगून ठेवलंय, दुसरं कोणी आलं तर दार उघडायचं नाही. आणि तुम्हाला सांग म्हणाली, की तिने काही खाल्लं नव्हतं.